घडीची सायकल

१० नोव्हेंबर १९८६, सोमवार

आज डॉक्टर पद्मजाबाईंनी आत बोलावून घेतलं. अंधेरीचं केंद्र बघणारी विमला नोकरी सोडून नवऱ्याबरोबर बडोद्याला चालली आहे. तिच्या जागी नवीन माणूस घ्यायला संस्थेला मंजुरी नाही. म्हणजे कांजूर, भांडुपची टेकडी आणि घाटकोपरचा वरचा भाग माझ्याकडे आहेच, त्यात आता दर गुरुवारी अंधेरी.

मी म्हटलं, "बाई, माझ्या टाचा बघा एकदा."

त्यांनी खरंच वाकून बघितल्या. मग म्हणाल्या, "नलिनी, दोनच वाटा आहेत. तू ऑफिसात ये, कागदपत्रं सांभाळ. मग कांजूरचं केंद्र महिन्यातून एकदा उघडेल. नाहीतर सायकल घे. एका देणगीदाराचं पत्र आलंय, फील्डवरच्या बाईला सायकल द्यायची आहे त्यांना. पण घडीची घे."

लुगड्याची घडी माहीत होती, सायकलची आजच ऐकली. बाई म्हणाल्या, परदेशात असतात, मधोमध दुमडतात, पोत्यात घालून बसमध्ये नेता येतात. विमलाची साधी सायकल स्टेशनबाहेरून दोनदा चोरीला गेली, म्हणून घडीचीच. कुठे मिळते ते मी शोधायचं, पसंत करायची आणि डिसेंबरअखेर कळवायचं. त्यानंतर देणगी परत जाणार.

सायकल मला येते. वर्ध्याच्या बाजूला ट्रेनिंगला होते तेव्हा निऱ्या खोचून शिकले. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून हेच काम, घरोघर जाऊन लोकांच्या अंगावरचे चट्टे बघायचे, महारोग असेल तर गोळ्या सुरू करायच्या, आणि त्या पोटात जातात की नाही बघायला पुन्हा पुन्हा जायचं. झोपडपट्टीत मला 'चट्टेवाली बाई' म्हणतात.

खरं लिहायचं तर ऑफिसची खुर्ची डोळ्यांसमोर आली आणि आत्ताच जाऊन बसावंसं वाटलं. कांजूरचं केंद्र महिन्यातून एकदा उघडलं तर तिथले निम्मे पेशंट गोळ्या सोडतील, हे मला माहीत आहे. तरी वाटलं.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "बघू." संपात गिरणी गेल्यापासून ह्यांच्याकडे तेवढाच शब्द उरला आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

माझी पेशंट सुंदराबाई आज केंद्रावर आली नाही. मिठागरावर कामाला असते, कांजूरला लाइनीच्या पलीकडे राहते. झोपडीपर्यंत गेले तर कुलूप. येताना टाच अशी ठणकली की रस्त्यात एका दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदार म्हणाला, "मौसी, आगे बैठो." मौसी!

प्रेमाची पूर्वपरीक्षा जवळ आली आहे. सकाळी बघितलं तर ती बाबांच्या बाहीचं बटण लावून देत होती. मी म्हटलं, दहावीची मुलगी अभ्यास करेल की तुमची बटणं लावेल? घरात बसायचं तर फुल बाह्यांचा शर्ट कशाला, हेही मला कळत नाही. गिरणीत असताना गंजिफ्रॉकवर वावरायचे.

१६ नोव्हेंबर, रविवार

मालाडला जाऊन आलो. डॉक्टरबाईंच्या ओळखीचे नंदकिशोर म्हणून एकजण व्यापारी बोटीवर इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांनी जपानहून घडीची सायकल आणली, बायको बसत नाही म्हणून द्यायची आहे. ह्यांना मुद्दाम बरोबर नेलं. बावीस वर्षं गिरणीत फिटर होते, यंत्र ह्यांनी बघावं.

सायकल निळी. चाकं लहान मुलांच्या सायकलीएवढी. एका हातात उचलली जाते. मी कंपाउंडात दोन फेऱ्या मारल्या. गॅलरीतून कुणीतरी "सर्कस आली, सर्कस" ओरडलं, तिकडे लक्ष दिलं नाही. खड्ड्यात जरा डगमगते, पण चालते पाण्यासारखी. साडी अडकत नाही, चेनला पूर्ण झाकण आहे. मधल्या बिजागरीला एक खटका आणि हँडलला एक. दोन्ही सोडले की सायकल अर्धी होते.

मला तिथेच पसंत पडली.

हे तो मधला खटका उघडत होते, लावत होते. दहा-पंधरा वेळा तेच. मग म्हणाले, "खटका बसत नाही."

"अहो, बसला की. टक् करून आवाज येतो."

"आवाज येतो गो. पण बसला ते हाताला कळायला नको? चालत्या सायकलीत निसटला तर तोंडावर पडशील."

मी स्वतः लावून बघितला. मला तर घट्ट लागला. नंदकिशोरही म्हणाले, "परब, जपानी माल आहे हो." ह्यांनी मान हलवली आणि हात खिशात घातले.

रिकाम्या हाताने परत. फिटरपुढे मी काय बोलणार? पण मनात येतं ते लिहिते. बायको सायकलवर बसलेली ह्यांना नको आहे. तसं तोंडाने म्हणवत नाही, म्हणून खटका.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुलुंडला चंद्रप्रकाश म्हणून एक वयस्कर गृहस्थ आहेत, इंग्रजी कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांचा साहेब विलायतेला परत जाताना घडीची सायकल देऊन गेला होता. हिरवी, चामड्याची सीट, तीन गिअर. उचलायला गेले तर कंबरेत चमक आली.

ह्यांनी चष्मा लावून बिजागरीजवळ डोळे नेले आणि नखाने रंग खरवडला. "इथे बघ. तडा आहे. केसाएवढा." मला दाखवल्यावरही मिनिटभर दिसला नाही, मग दिसला. काकांनाही तीस वर्षांत दिसला नव्हता. ते खरोखर ओशाळले. माझा ह्यांच्यावरचा राग तिथेच निम्मा उतरला.

पण मग पुन्हा तेच. "आणि खटकाही बसत नाही." मी दाबून बघितला. चांगला बसत होता.

काकूंनी कोकम सरबत आणलं. ह्यांच्या हातातून पेला सटकला आणि फरशीवर फुटला. जुन्या सेटमधला होता. मी माफी मागून काचा वेचल्या. रस्त्यात म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुमचं हल्ली?" हे म्हणाले, "ओला होता पेला."

२६ नोव्हेंबर, बुधवार

मालाडची सायकल गेली. ऑफिसातून फोन केला तर नंदकिशोर म्हणाले, कालच एका पारशी बाईंनी नेली.

फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. आता सायकल मिळाली नाही तर दोष माझा नाही. मी शोधली, नवऱ्याने मोडता घातला, मग बसले ऑफिसात. संध्याकाळी टाचा गरम पाण्यात ठेवून बसले असताना ह्या विचाराची लाज वाटली. पण फार नाही. लाज वाटायलासुद्धा अंगात जोर लागतो.

सुंदराबाई आजही नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

काल हेच म्हणाले, "सहदेवकडे जाऊया." सहदेव ह्यांच्याबरोबर गिरणीत होता. आता अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका शेडमध्ये ग्रिल आणि गेट बनवतो.

तो हसला. "वहिनी, घडीची सायकल म्हणजे काय विमान नाय. लेडीज सायकल मधे कापूची, बिजागरी घालूची, झाला काम."

"तुका सोपा वाटता," हे म्हणाले. "भार सगळो बिजागरीर येतलो."

मग ह्यांनी खडू घेतला आणि जमिनीवर उकिडवं बसून चित्र काढायला लागले. कापायचं कुठे, पट्टी किती जाड, वेल्डिंग कुठल्या बाजूने. सहदेव उभा, हे बोलतायत. चार वर्षांत ह्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मी गेटच्या ढिगावर बसून राहिले. तासाभराने ह्यांना आठवण झाली की मीही आले आहे.

"जड होईल," मला म्हणाले. "पण मोडणार नाही."

मला हलकी हवी होती. तसं बोलले नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

हे रोज सकाळी डबा घेऊन अंधेरीला जातात. सातला ग्रीसचे हात घेऊन परत. प्रेमा म्हणाली, "आई, बाबा जिन्यात शीळ वाजवत आले." मी झोपेत होते, ऐकली नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

आज भांडुपला तीन पेशंटची ड्रेसिंगं केली. एकाच्या बधिर तळव्याला खिळा घुसला होता, दोन दिवस पत्ताच नाही. घरी आले तर ह्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीला हा एवढा फोड. वेल्डिंग झालेली पट्टी उचलली म्हणे.

"एवढं भाजेपर्यंत काय करत होतात?"

"कामात होतो. कळलं नाही."

चौथं ड्रेसिंग घरी. डोळे मिटत होते माझे. फोड साफ केला, पट्टी बांधली. हे अगदी शांत बसले होते, हूं की चूं नाही. पेशंट एवढे गुणी असते तर काम किती सोपं झालं असतं, असं ह्यांना म्हटलंसुद्धा. हे हसले नाहीत.

१४ डिसेंबर, रविवार

सायकल झाली. काळी, जुन्या लेडीज सायकलचीच चाकं, मधे बिजागरी. घडी घातली की हँडल मागच्या चाकाला टेकतं. सहदेवने शिवलेलं पोतंही दिलं. उचलून बघितली. जड आहे. पूल चढताना दोनदा टेकावी लागेल. मालाडची आठवण आली, ती गिळली.

खटका ह्यांनी स्वतः बनवला आहे. चांगला मुठीएवढा. त्यावर लाल रंगाची रेघ, बिजागरीवरही लाल रेघ. "रेघेला रेघ जुळली की बसला. डोळ्याने बघायचं. हातावर भरवसा ठेवायचा नाही." मला एवढं कशाला हवं ते कळलं नाही, पण म्हटलं, बरं.

कांजूरला मिठागराकडच्या रस्त्यावर चालवून बघायचं ठरलं, रविवारी तिथे गाड्या नसतात. ह्यांनी स्वतः पोतं खांद्यावर घेतलं. मी लांबपर्यंत गेले आणि वळून आले. सरळ जाते, डगमगत नाही. टाचांवर भार नव्हता. वारा खारट होता. पाच मिनिटं मी काहीही विचार केला नाही.

परत येते तर हे सुंदराबाईच्या झोपडीपुढे खाटेवर बसलेले. ती महिनाभर गावाला होती, सून बाळंत झाली. गोळ्या? "चुकल्या बाई, पर फेकल्या न्हाईत." तिने चहा केला. सायकलभोवती एक फेरी मारून म्हणाली, "मालकांनी बनवली? लई गुणाचे मालक." हे चक्क लाजले.

उद्या डॉक्टरबाईंना सांगते, सायकल पसंत. अंधेरीही घेते.

१६ डिसेंबर, मंगळवार

सुंदराबाई आज केंद्रावर आली, सगळे जाईपर्यंत थांबली. मला वाटलं, सुटलेल्या गोळ्यांचं काही सांगायचं असेल.

"बाई, रागावू नगा."

"नाही रागावत. बोल."

"परवा चहा दिला तवा मी गिलास पदरानं धरून आणला. मालकांनी उघड्या हातानं घेतला. पितबी न्हवते, नुसता धरून बोलत बसले. वाफ निघत होती बाई." तिने स्वतःचा हात पुढे केला, वाकलेली दोन बोटं. "माझं असंच सुरू झालं हुतं. तुमीच सांगितलं मला."

मी तिच्यावर रागावले. काय बोलले ते लिहिणार नाही. मग तिने माझी पिशवी उचलून माझ्या खांद्याला लावली आणि गेली.

घरी आले. स्वयंपाक केला. कालची पट्टी बदलायची होती, ती प्रेमाला बदलायला लावली.

१७ डिसेंबर, बुधवार

अर्धा दिवस रजा घेतली. प्रेमा शाळेत होती.

ह्यांना म्हटलं, शर्ट काढा.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू बटणं काढायला लागले. उजवा हात नीट चालेना. मी मदत केली नाही, हात उचलला गेला नाही माझा.

उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला चट्टा. हाताच्या तळव्याएवढा, फिकट. वीस वर्षांत असे किती बघितले! कोपराची नस चाचपली. दोरीसारखी जाड.

बॉलपेन घेतलं. रोज दहादा म्हणते तेच म्हटलं, "डोळे मिटा. जिथे टोक लागेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवा."

ह्यांनी डोळे मिटले. शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले, डाव्या हाताचं बोट तयार ठेवून. थोड्या वेळाने म्हणाले, "कर ना सुरू."

मी चार वेळा टोक लावून झालं होतं.

मग मी पेन खाली ठेवलं. हे डोळे मिटूनच बोलले. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी चट्टा दिसला. माझ्या पिशवीतली चित्रं बघून ओळखला. "तू दिवसभर त्यांच्यात असतेस. घरी आल्यावर पण तेच कशाला. आणि लोक काय म्हणतील? चट्टेवाल्या बाईने घरातच आणला."

"असा येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. लोकांना?"

मग म्हणाले, "मालाडची चांगली होती ना?"

मी हो म्हटलं.

"मला खरंच वाटलं खटका बसत नाही."

१८ डिसेंबर, गुरुवार

प्रेमाला आंघोळीआधी बोलावलं, पाठीवर घामोळं आलंय का बघते म्हणून. डिसेंबरात घामोळं! तिने विचारलं नाही. पाठ, दंड, पाय, कोपर, सगळं तपासलं. काही नाही. दोनदा तपासलं. मग न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले.

नंतर खाली बसवून तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं होतं ना पण? तूच शाळेत येऊन सांगितलं होतंस." मी हो म्हटलं. तेवढ्यावर ती अभ्यासाला बसली.

२० डिसेंबर, शनिवार

डॉक्टर पद्मजाबाईंनी ह्यांना तपासलं. "चट्टा एक, नस एक. सहा महिन्यांचा कोर्स. नस सुजली आहे, तिच्या गोळ्या आजपासूनच. बोटांमधलं किती परत येईल ते आत्ता सांगत नाही. उशीर झालाय."

मी म्हटलं, "मला दिसायला हवं होतं."

बाईंनी कार्ड लिहायला घेतलं. नाही म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

महिन्याचा डोस आमच्यासारख्या फील्डवरच्या माणसासमोर गिळायचा असतो. हे म्हणाले, "पंतनगरात नको, घराशेजारीच आहे ते. कांजूरला तर नकोच, तिथे मला बघितलंय. अंधेरी चालेल." पंचवीसला नाताळची सुट्टी, म्हणून एक तारखेचा गुरुवार.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अंधेरीला तू असशील. पण मी पेशंट आणि तू बाई. ओळख दाखवायची नाही. मी वेगळ्या बसने येईन."

मी म्हटलं, "बघू."

२ जानेवारी १९८७, शुक्रवार

काल लिहायला बसवलं नाही, आज पहाटे लिहिते.

सकाळी घाटकोपरहून अंधेरीच्या बसमध्ये पोतं चढवलं. कंडक्टर म्हणाला, "ताई, हे काय गाठोडं?" सायकल आहे म्हटल्यावर त्याने पोत्याचं तोंड उघडून बघितलं आणि ड्रायव्हरलाही बोलावून दाखवलं. मरोळला उतरून उघडली, पाच घरं केली. पायी तीन झाली असती. चढाला उतरून ढकलावी लागते आणि एका उतारावर ब्रेक इतक्या जोरात लागला की गोळ्यांची पिशवी पुढे पडली. तरी चालेल. माणसं हसतात, हसू देत.

दुपारी दोनला केंद्र. दवाखान्याच्या मागचा व्हरांडा, एक बाकडं. विमलाने जाण्याआधी कार्डं लावून ठेवली होती, ह्यांचं धरून सोळा पेशंट. हे बाकड्यावर न बसता बाहेर उन्हात उभे होते, रस्त्याकडे तोंड करून. फुल बाह्यांचाच शर्ट. मी बघितलं, ह्यांनी बघितलं नाही.

एकेक नाव घेत गेले. बारा झाली. तेरावं कार्ड हातात आलं आणि मी थांबले.

ह्यांचं नाव मी तोंडाने घेतलेलं एकदाच. लग्नात, उखाण्यात, तेही बायकांनी वाट अडवली म्हणून. नुसतं 'परब' म्हटलं असतं तरी चाललं असतं. किंवा कार्ड बाजूला ठेवून शेवटी सगळे गेल्यावर बोलवायचं. बाराही जणांना मी पूर्ण नावाने बोलावलं होतं. कुणी लपून आलेलं असेल का, हा विचार वीस वर्षांत कधी केला नव्हता.

"जयवंत गुणाजी परब," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

"हजर," हे म्हणाले. गिरणीच्या गेटवर म्हणत असतील तसे.

आत आले. मी कॅप्सूल आणि गोळी तळव्यावर दिली, डाव्या हाताच्या. पाण्याचा पेला दिला. ह्यांनी गिळलं.

"तोंड उघडा."

ह्यांनी उघडलं. पोटात गेल्या होत्या. मी खूण केली.

बाकड्यावर शेवंती म्हणून एक म्हातारी होती, विमलाची जुनी पेशंट. माझ्या छातीवरची नावाची पट्टी तिला वाचायला येत नाही, पण मघाशी तिने माझं नाव विचारून घेतलं होतं. म्हणाली, "बाई, तुम्ही पण परब, हे पण परब. गाववाले काय?"

हे जमिनीकडे बघत होते. मानेनेच मला नको म्हणत होते.

"माझे यजमान आहेत," मी म्हटलं.

शेवंतीने ह्यांच्याकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं. मग तिने आपली पिशवी मांडीवर घेतली आणि बाकड्यावर जागा केली. "मग उन्हात काय उभे राहता, भाऊ? हितं बसा. बाईंचं आवरेपर्यंत वेळ आहे."

हे बसले.

मी पुढचं कार्ड घेतलं. ते शेवंतीचंच होतं.